तपासणी कोणाची आणि कशासाठी? महाराष्ट्रातील बालसंगोपन व पूर्वप्राथमिक केंद्रांच्या निकष-तपासणीचा ऐतिहासिक आढावा

सारांश :

सहा वर्षांखालील बालकांसाठी चालणारी केंद्रे ठरवून दिलेल्या निकषांनुसार चालतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी शासनाने केव्हा, कोणत्या कारणाने व कोणत्या यंत्रणेमार्फत स्वीकारली, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांतील पाळणाघरे, बोर्डी-कोसबाड येथील बालवाड्या, एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाड्या आणि खाजगी पूर्वप्राथमिक शाळा असे चार टप्पे विचारात घेतले आहेत. गरिबांच्या मुलांसाठी चालणाऱ्या केंद्रांची तपासणी वाढत गेली, मात्र तिचे स्वरूप कागदी राहिले. याउलट शुल्क घेऊन चालणारी केंद्रे दीर्घकाळ तपासणीच्या बाहेरच राहिली, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : पाळणाघर, बालवाडी, अंगणवाडी, निकष, पर्यवेक्षण, पूर्वप्राथमिक शिक्षण.

१. प्रस्तावना :

शिक्षणाच्या इतिहासाचे लेखन करताना आपण बहुधा प्राथमिक शाळेपासून प्रारंभ करतो. हंटर आयोग, सक्तीच्या शिक्षणाचे कायदे, विद्यापीठांची स्थापना या विषयांवर मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने सहा वर्षांखालील बालकांच्या संस्थांचा इतिहास उपेक्षित राहिला. त्यातही जे लेखन झाले ते प्रामुख्याने चरित्रात्मक आहे. ताराबाई मोडक, अनुताई वाघ, गिजुभाई बधेका यांच्या कार्याचा गौरव करताना त्यांच्या केंद्रांकडे शासन कोणत्या दृष्टीने पाहत होते, केंद्र चांगले की वाईट हे कोण ठरवत होते आणि कशावरून ठरवत होते, हे प्रश्न सहसा विचारले गेले नाहीत.

तपासणी हा विषय वरकरणी प्रशासकीय व नीरस वाटतो. परंतु तपासनीस केंद्रात येऊन काय पाहतो, यावरून त्या काळातील राज्यसंस्थेची बालकाविषयीची धारणा स्पष्ट होते. तो केवळ खोलीची लांबी-रुंदी पाहतो, मुलाचे वजन पाहतो, नोंदवही पाहतो, की मूल आनंदात आहे का हेही पाहतो, यात मोठा फरक आहे. या विषयाकडे वळण्यास एक व्यक्तिगत कारणही आहे. प्रस्तुत लेखकाची आई अनेक वर्षे अंगणवाडी सेविका होती. तपासणीच्या आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदवह्या पूर्ण करणारी आई हे लेखकाच्या बालपणातील एक ठळक चित्र आहे. त्या नोंदवह्यांचा आणि दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत येणाऱ्या मुलांचा परस्परांशी नेमका काय संबंध होता, हा तेव्हा न सुचलेला प्रश्न येथे इतिहासाच्या आधारे विचारला आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) बालकेंद्रांसाठीच्या निकषांचा उगम व विकास स्पष्ट करणे. (२) निकषांची तपासणी करणाऱ्या यंत्रणांचे स्वरूप पाहणे. (३) निकष आणि प्रत्यक्ष बालहित यांतील अंतराची ऐतिहासिक कारणे शोधणे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, आयोगांचे अहवाल, न्यायालयीन आदेश व धोरणे ही प्रमुख साधने मानली आहेत. अभ्यासाची मर्यादा मुख्यत्वे महाराष्ट्रापुरती असली तरी केंद्रीय कायद्यांचा विचार अपरिहार्यपणे आला आहे.

३. गिरणीतील पाळणाघर व कारखाना निरीक्षक :

महाराष्ट्रात बालकांच्या केंद्राची कायदेशीर तपासणी शिक्षण खात्याने सुरू केलेली नाही. ती कारखान्यांच्या कायद्यातून आली, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांत साधारणपणे पाचांपैकी एक स्त्री होती. वाइंडिंग व रिळिंग खात्यांत काम करणाऱ्या या स्त्रिया प्रामुख्याने कोकण व घाटावरून आलेल्या होत्या. चाळीच्या एका खोलीत तान्हे मूल सांभाळण्यास कोणी नसेल तर त्याला बाळागोळी म्हणजे अफूची गोळी देऊन झोपवायचे व कामावर जायचे, हा रिवाज रूढ होता. डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी मुंबईत केलेल्या व १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गिरणी कामगार स्त्रियांच्या ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याची नोंद आहे. या आकड्याने त्या काळच्या समाजसुधारकांना व शासनाला हादरा दिला. मात्र त्याचा अर्थ आईच्या अज्ञानापुरता मर्यादित करण्याची प्रवृत्ती त्या काळी होती. दहा तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या आईपुढे दुसरा पर्याय कोणता होता, हा प्रश्न त्यामुळे दुर्लक्षित राहिला.

१९२९ मध्ये मुंबई प्रांताने प्रसूतिलाभाचा कायदा केला. भारतातील या प्रकारचा तो पहिला कायदा होय. त्याच वर्षी जे. एच. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात २५० किंवा अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचे करावे, अशी शिफारस केली. त्यानंतरच्या १९३४ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य खोली राखून ठेवण्याविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला.

स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४८ ने ही तरतूद बंधनकारक केली. खोली पुरेशी असावी, तीत उजेड व हवा खेळती असावी, ती स्वच्छ व आरोग्यदायी स्थितीत ठेवावी आणि बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीकडे ती सोपवावी, असे चार निकष कलमातच नमूद होते. त्याखालील राज्यांच्या नियमांत प्रत्येक बालकामागे २० चौरस फूट जागा, मुलांसाठी दूध, तसेच आईला कामाच्या वेळेत मुलाला पाजण्यासाठी ठरावीक सुट्टी अशा तरतुदी आल्या. १९७६ च्या दुरुस्तीने स्त्रियांची संख्यामर्यादा पन्नासवरून तीसवर आणली. पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला.

या व्यवस्थेत तपासणीचा अधिकार कारखाना निरीक्षकाकडे होता. तोच निरीक्षक बॉयलरजवळची कुंपणे, यंत्रांवरची आवरणे, शौचालयांची संख्या व हजेरीपट पाहत असे. पाळणाघर हे त्याच्या यादीतील अनेक बाबींपैकी एक होते. त्याचे प्रशिक्षण अभियांत्रिकीचे, बालविकासाचे नव्हे. म्हणून खोलीचे क्षेत्रफळ, भिंतीचा चुना, पाळण्यांची संख्या या मोजता येणाऱ्या गोष्टी तपासल्या जात आणि संगोपन करणारी स्त्री मुलाशी कशी वागते हे अहवालात येण्याची शक्यता कमी असे. तथापि या तपासणीचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. त्यात एक स्पष्ट उत्तरदायित्व होते. निकष मोडला तर मालकावर खटला भरता येत असे. पाळणाघर चालवणाऱ्या आयाला नव्हे, तर पाळणाघर देण्यास बांधील असलेल्या मालकाला जाब विचारला जाई. पुढील टप्प्यांचा विचार करताना हा मुद्दा ध्यानात ठेवावा लागतो.

संख्येवर आधारित निकषाचा एक अनिष्ट परिणामही झाला. स्त्रियांची संख्या मर्यादेखाली ठेवली की पाळणाघराचे दायित्व टळते, हे मालकवर्गाच्या लक्षात आले. कापड गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण पुढील दशकांत घटत गेले. त्यास सुसूत्रीकरण, रात्रपाळीवरील बंदी अशी अनेक कारणे असली तरी स्त्री-कामगारांशी निगडित वाढता खर्च हेही त्यांपैकी एक मानले जाते. कारखान्याबाहेरील स्त्रिया तर या कायद्याच्या कक्षेतच नव्हत्या. बांधकामावरील स्त्रियांच्या मुलांसाठी १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी ‘मोबाइल क्रेशेस’चे काम सुरू केले व पुढे ते मुंबई-पुण्यातही पोहोचले. परंतु बांधकामाच्या ठिकाणी पाळणाघराची कायदेशीर तरतूद येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. तीही पन्नासपेक्षा अधिक स्त्रिया असतील तेथेच.

४. बोर्डी-कोसबाड : निकषात न बसणारे आदर्श केंद्र :

शैक्षणिक प्रवाह यापेक्षा वेगळ्या दिशेने वाहत होता. भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. मारिया माँटेसरी यांची पद्धती भारतीय परिस्थितीत कशी राबवावी, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. माँटेसरीची साधने महाग होती व त्यांसाठी विशिष्ट प्रकारची खोली आवश्यक होती. शहरातील सुस्थित घरांतील मुलांना ती परवडत.

१९४५ मध्ये ताराबाईंनी अनुताई वाघ यांच्यासह तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये नेले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) वारली मुले बालवाडीत येत नाहीत हा अनुभव आल्यावर बालवाडीच पाड्यावर, घरांसमोरील अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ या संकल्पनेचा हा उगम होय. बिया, शिंपले, खडे, पाने ही तेथील शैक्षणिक साधने ठरली. मुलाला आंघोळ घालणे, केस विंचरणे हाही शिक्षणाचाच भाग मानला गेला. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांना एकत्र गुंफणारी ‘विकासवाडी’ची कल्पनाही येथेच साकारली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचा विरोधाभास दिसतो. कलम ४८ ची मोजपट्टी या अंगणाला लावली असती तर हे केंद्र पहिल्याच तपासणीत अपात्र ठरले असते. भिंत नाही, छप्पर नाही, कुंपण नाही, विकत आणलेले साधन नाही. तरीही देशातील बालशिक्षणाच्या इतिहासात या अंगणाइतके प्रभावी केंद्र क्वचितच आढळेल. याचा अर्थ निकष निरर्थक असतात असा नव्हे. पावसाळ्यात भिजणाऱ्या मुलाला छप्पर हवेच असते, हे अनुताईंइतके कोणी जाणले नसेल. परंतु छप्पर असणे आणि छपराखाली शिक्षण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत व दुसरी पाहण्यासाठी तपासनीस स्वतः बालशिक्षण जाणणारा असावा लागतो.

शासकीय पातळीवर मात्र या दिशेने फारसा विचार झाला नाही. १९४४ च्या सार्जंट अहवालाने पूर्वप्राथमिक शिक्षणाची दखल घेतली होती. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळामार्फत स्वयंसेवी संस्थांच्या बालवाड्यांना अनुदान मिळू लागले. अनुदान आले की हिशेब आला आणि हिशेबाबरोबर तपासणी आली. साहजिकच या तपासणीचा भर पैशाच्या विनियोगावर होता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पूर्वप्राथमिक शिक्षण मुख्यतः खाजगी प्रयत्नांवर सोपवून प्रशिक्षण, संशोधन, मार्गदर्शन व पर्यवेक्षण ही शासनाची कामे मानली. प्रत्यक्षात मात्र संस्था वाढल्या आणि पर्यवेक्षणाची यंत्रणा उभी राहिली नाही.

५. अंगणवाडी : नोंदवहीचे राज्य :

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी हा त्यांपैकी एक प्रकल्प होता. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण या सहा सेवा एकाच केंद्रातून देण्याची ही योजना होती. कोसबाडच्या पाड्यावरील ‘अंगणवाडी’ हा शब्द राष्ट्रीय योजनेने स्वीकारला, पण त्याबरोबर एक संपूर्ण नवी अधिकारश्रेणीही आली. सेविका व मदतनीस, त्यांच्यावर मुख्यसेविका, तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी आणि त्यावर जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग अशी ती रचना होती.

देशाच्या इतिहासात प्रथमच गरीब घरातील सहा वर्षांखालील मुलांच्या केंद्रांना नियमित भेट देणारी यंत्रणा अस्तित्वात आली, ही मोठीच उपलब्धी होय. मुख्यसेविकेची मूळ भूमिका मार्गदर्शकाची होती. सेविकेला गाणी, गोष्टी, खेळ शिकवणे, वजन घेण्यात मदत करणे, गृहभेटींना सोबत जाणे हे तिचे काम अपेक्षित होते. परंतु वीस-पंचवीस केंद्रे, अपुरा प्रवासभत्ता व वरून मागितली जाणारी मासिक माहिती यांमुळे तिची भेट बहुधा नोंदवह्यांवर सही करण्यापुरती उरली. वाटप झालेल्या आहाराची नोंद, हजेरी, वजन, लसीकरण, साठा या बाबी आकड्यांत मांडता येत होत्या. सहावी सेवा, म्हणजे पूर्वशालेय शिक्षण, आकड्यांत मांडता येत नव्हती. जे मागितले जात नाही ते हळूहळू केले जात नाही, या न्यायाने ती मागे पडली.

नोंद आणि वास्तव यांतील अंतराची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यू वृत्तपत्रांतून गाजले. पुढे स्वयंसेवी संस्थांच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने शासकीय नोंदीतील व प्रत्यक्षातील बालमृत्यूंची तफावत उजेडात आणली. त्यानंतर शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली व तिचा अहवाल २००४ मध्ये आला. तीव्र कुपोषणाच्या श्रेणीतील बालक नोंदवले तर सेविकेलाच जाब विचारला जाणार असेल, तर तिची लेखणी एक श्रेणी वर सरकण्याचा धोका कायम राहतो. येथे वैयक्तिक अप्रामाणिकपणापेक्षा तपासणीच्या रचनेचा दोष अधिक आहे. गिरणीच्या पाळणाघरात उत्तरदायित्व मालकाचे होते. अंगणवाडीत ते उतरंडीच्या सर्वांत खालच्या पायरीवरील, मानधनावर काम करणाऱ्या स्त्रीवर आले. २००५ मध्ये सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने प्रत्येक बालकाचे वजन व खरी श्रेणी नोंदवण्यावर भर दिला. खरी नोंद झाल्यावर प्रारंभी कुपोषणाचा आकडा वाढलेला दिसणे स्वाभाविक असते आणि तो वाढू देण्याचे धैर्य प्रशासनाने दाखवणे हीच सुधारणेची पहिली पायरी असते.

लेखकाच्या आईच्या केंद्रात एकदा तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी साठा नोंदवहीतील खाडाखोडीबद्दल तिची कानउघाडणी केली. त्याच वेळी गळक्या छपराखाली चार मुले एका कोरड्या कोपऱ्यात सरकून बसली होती. भेटवहीत शेरा पडला तो खाडाखोडीचा. छपराचा उल्लेख नव्हता, कारण छप्पर दुरुस्त करणे सेविकेच्या अधिकारातील बाब नव्हती व ज्यांच्या अधिकारात ती होती त्यांची तपासणी कोणी करीत नव्हते. असे प्रसंग अपवादात्मक नसावेत, असे अनेक सेविकांशी झालेल्या संवादांवरून वाटते.

६. न्यायालयाची तपासणी :

२००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेने तपासणीची दिशा काही काळ उलटवली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने अंगणवाडीचा आहार हा हक्क ठरवला. २००२ मध्ये न्यायालयाने आदेशांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्यासाठी आयुक्त नेमले. ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशाने पोषण आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदारांना मज्जाव केला. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने डिसेंबर २००८ पर्यंत १४ लाख केंद्रे सुरू करण्यास व ४० मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत केंद्र देण्यास सांगितले.

या टप्प्याचे वैशिष्ट्य असे की येथे सेविकेऐवजी शासनाची तपासणी होत होती. केंद्र का नाही, धान्य का पोहोचले नाही, ठेका कोणाला दिला, हे प्रश्न मुख्य सचिवांना विचारले जात होते. कारखाना कायद्यातील उत्तरदायित्वाचे तत्त्व एका अर्थाने येथे परत आले. मालकाच्या जागी राज्य होते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या उपदान अधिनियमाचा लाभ लागू असल्याचा निर्णय दिला. केंद्राच्या गुणवत्तेचा विचार केंद्रातील स्त्रीच्या सेवाशर्तींपासून अलग करता येत नाही, याची ही उशिरा मिळालेली मान्यता मानता येईल.

७. खाजगी केंद्रे : तपासणीबाहेरचा प्रदेश :

याच काळात शहरांत व पुढे तालुक्यांच्या गावांतही खाजगी शिशुवर्ग झपाट्याने वाढले. सदनिकेच्या दिवाणखान्यात, दुकानाच्या गाळ्यात, मंगल कार्यालयाच्या एका भागात हे वर्ग भरू लागले. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ च्या अहवालात अशा संस्थांच्या स्थापनेवर व कामकाजावर कायद्याने नियमन असावे, जागा, शिक्षक व खेळसाहित्य यांचे निकष ठरवावेत, प्रवेशासाठी चाचण्या-मुलाखती बंद कराव्यात असे सुचवले. लहान मुलांवर लेखन-वाचन-गणिताचा अकाली मारा करणे हा त्यांच्यावरील अत्याचार असल्याचे समितीचे मत होते. महाराष्ट्रात राम जोशी समितीने या प्रश्नाचा विचार केला आणि १९९६ च्या कायद्याने पूर्वप्राथमिक केंद्रांतील प्रवेशांचे नियमन करण्याचा प्रयत्न झाला. हा कायदा मुख्यतः प्रवेशापुरता मर्यादित होता, हे त्याच्या नावावरूनच स्पष्ट होते. केंद्राच्या दारातून मूल आत कसे जाईल याची चिंता त्याने वाहिली. आत गेल्यावर काय होईल, हा प्रश्न शिल्लक राहिला.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला व सहा वर्षांखालील मुलांना अनुच्छेद ४५ मधील मार्गदर्शक तत्त्वात ठेवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्ये पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन करू शकेल एवढेच म्हटले आहे. परिणामी त्या कायद्याच्या अनुसूचीतील निकषांचे संरक्षण या वयोगटाला मिळाले नाही. तीन वर्षांचे मूल आणि सात वर्षांचे मूल एकाच इमारतीत शिकत असले तरी कायद्याच्या दृष्टीने एक संरक्षित आणि दुसरे असंरक्षित, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली.

२०१३ च्या राष्ट्रीय बाल्यावस्थापूर्व संगोपन व शिक्षण धोरणाने प्रथमच सर्व प्रकारच्या केंद्रांसाठी समान मानके मांडली. ३० मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली, किमान ३० चौरस मीटर बाहेरील जागा, रोज तीन ते चार तासांचा कार्यक्रम, तीन ते सहा वयोगटात २० मुलांमागे एक व तीन वर्षांखाली १० मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती, सुरक्षित इमारत, पिण्याचे स्वच्छ पाणी, मुलांना वापरता येतील अशी शौचालये, प्रथमोपचार पेटी आणि मातृभाषेतून बालककेंद्री अभ्यासक्रम अशी ही मानके आहेत. भाषा व अभ्यासक्रम यांचा निकषांत झालेला समावेश महत्त्वाचा आहे. तथापि धोरण म्हणजे कायदा नव्हे. त्यानंतर राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खाजगी प्ले स्कूलसाठी नियामक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा हा वयोगट शालेय रचनेत समाविष्ट केला आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाने खाजगी पूर्वप्राथमिक केंद्रांना आपली माहिती संकेतस्थळावर नोंदवण्यास सांगितले. गिरणीच्या पाळणाघरासाठी १९३० च्या दशकात जे नियमन सुरू झाले, त्याची पहिली पायरी, म्हणजे केंद्रांची मोजदाद, शुल्क घेणाऱ्या शिशुवर्गांच्या बाबतीत सुमारे नव्वद वर्षांनी चढली जात आहे.

हा विलंब केवळ प्रशासकीय दिरंगाईने झाला असे म्हणता येणार नाही. जेथे राज्य पैसा देते तेथे ते हिशेब मागते. जेथे पालक पैसा देतो तेथे पालकच तपासनीस आहे, असे गृहीत धरले गेले. पण पालकाला वर्गात डोकावू दिले जात नाही, बाईंचे प्रशिक्षण त्याला ठाऊक नसते आणि इंग्रजी अक्षरे लवकर गिरवणे हीच गुणवत्ता अशी त्याची समजूत बाजाराने करून दिलेली असते. शुल्क भरणारा पालक हा बालहिताचा पुरेसा रक्षक ठरत नाही, हे मान्य करण्यास आपल्या मध्यमवर्गाला, ज्यात आपण प्राध्यापक मंडळीही मोडतो, जड गेले असावे.

८. विश्लेषण :

उपरोक्त आढाव्यातून तपासणीचे तीन आशय दिसतात. पहिला आशय सुरक्षिततेचा. उजेड, हवा, पाणी, जागा यांचे निकष मोजता येतात व ते मोजलेच पाहिजेत. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुलांचा मृत्यू झाला. ती प्राथमिक शाळा होती. परंतु गवताचे छप्पर, स्वयंपाकघराची जवळीक व अरुंद मार्ग या त्रुटी साध्या मोजपट्टीनेही दिसण्यासारख्या होत्या. दुसरा आशय हिशेबाचा. धान्य, निधी व लाभार्थी यांची नोंद सार्वजनिक पैशासाठी अनिवार्य आहे. तिसरा आशय शिक्षणाचा, म्हणजेच मूल बोलते का, खेळते का, रडणाऱ्या मुलाला जवळ घेतले जाते का, हे पाहण्याचा.

इतिहासात पहिल्या आशयाची जबाबदारी अभियंता-निरीक्षकाकडे व दुसऱ्याची लेखा-यंत्रणेकडे गेली. तिसऱ्याला स्वतंत्र यंत्रणाच मिळाली नाही. मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या भ्रमणध्वनी-प्रणालीने नोंदवह्यांची जागा घेतली. नोंदींचा वेग वाढला व माहिती थेट केंद्रापर्यंत जाऊ लागली. मात्र कागदाच्या जागी पडदा आला म्हणून विचारले जाणारे प्रश्न बदलले असे होत नाही. आईने कंदिलापाशी भरलेली माहिती आजची सेविका नेटवर्क शोधत झाडाखाली उभी राहून भरते. दोन्ही वेळी मुले तिची वाट पाहत असतात.

९. निष्कर्ष :

(१) बालकेंद्रांच्या निकष-तपासणीचा आरंभ शिक्षणविचारातून न होता कामगार कायद्यातून झाला. म्हणून भौतिक सुविधांचे निकष प्रथम रुजले व शैक्षणिक निकष उशिरा आले.

(२) उत्तरदायित्व केंद्र चालवण्यास बांधील असणाऱ्याकडून केंद्रात काम करणाऱ्या स्त्रीकडे सरकत गेले. तपासणी भीतीदायक झाली की नोंद खोटी होते आणि त्याचा फटका बालकाला बसतो.

(३) गरिबांची केंद्रे अतितपासणीखाली व सशुल्क केंद्रे तपासणीविना अशी दुहेरी व्यवस्था दीर्घकाळ टिकली. बालकाचा हक्क पालकाच्या ऐपतीवर अवलंबून नसेल, तर तपासणीही तशी असू नये.

(४) कोसबाडचा अनुभव असे सुचवतो की तिसऱ्या आशयाची तपासणी बालशिक्षणाचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीनेच करावी, तिने केंद्रात किमान एक पूर्ण सत्र बसावे आणि तिच्या शेऱ्यात सेविकेच्या त्रुटींबरोबरच शासनाच्या त्रुटीही नोंदवण्याची सोय असावी.

आपल्या महाविद्यालयांतील शिक्षणशास्त्र, गृहविज्ञान व समाजशास्त्र विभागांना या कामात सहभागी होता येईल. क्षेत्रभेटीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी अंगणवाडीतील नोंदवही पाहण्यापूर्वी अर्धा तास मुलांजवळ बसावे, एवढा बदल कोणत्याही शासननिर्णयाची वाट न पाहता करता येण्यासारखा आहे. छपराखालच्या त्या कोरड्या कोपऱ्याची नोंद भेटवहीत होईल तेव्हाच निकषांची तपासणी बालकाच्या बाजूने उभी राहिली, असे म्हणता येईल.